मास्तरांचा घसा : एका अवजाराचा इतिहास



आम्ही बोलायला उभे राहिलो त्यापूर्वी काय घडले ते आपण सर्वांनी पाहिले. ध्वनिक्षेपकवाला पुढे आला, त्याने दांडा आमच्या तोंडासमोर आणला, बोटाने दोन टिचक्या मारल्या आणि मागच्या रांगेतल्या मंडळींना ऐकू येते की नाही ते विचारून घेतले. तासाभराच्या भाषणासाठी ही एवढी व्यवस्था! आणि श्रोते कोण? आपण सारी मोठी माणसे, स्वतःच्या इच्छेने आलेली आणि गप्प बसलेली.

याच श्रोत्यांत आज काही शिक्षक-शिक्षिकाही बसल्या आहेत. सकाळच्या शाळेत त्या तासन् तास बोलून आल्या आहेत. त्यांच्या समोर तीस-चाळीस मुले होती, डोक्यावर तापलेले टिनाचे पत्रे होते, खिडकीबाहेर ट्रॅक्टर आणि मोटारसायकली होत्या. त्यांच्या तोंडासमोर कोणी दांडा आणला नाही. मागच्या बाकावर ऐकू येते का, हेही कोणी विचारले नाही. ऐकू गेले नाही तर तो दोष मात्र त्यांचाच.

आजचा आमचा विषय हा एवढाच आहे. शिक्षकाचा घसा हे त्याच्या धंद्याचे अवजार आहे काय, आणि असल्यास त्या अवजाराची झीज कोणी भरून द्यायची?

आम्ही काही पंडित नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण जिनिंगच्या फाटकावर, कामगार-न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा वैद्यकशास्त्रावर अधिकारवाणीने बोलावे अशी आमची पात्रता नाही. परंतु कामाने माणसाचे शरीर कसे झिजते हे आम्ही आयुष्यभर पाहत आलो आहोत, आणि या विषयाकडे आम्हांला एका बाईंनी ओढून आणले.

काही वर्षांपूर्वी एक शिक्षिका आमच्या कचेरीत आल्या. बसल्या, पाणी प्यायल्या, आणि बोलण्याऐवजी पिशवीतून वही काढून लिहू लागल्या. आम्हांला प्रथम वाटले, यांना जन्मतःच वाचा नसावी. वहीत लिहिले होते, "एकोणीस वर्षे शिकवते. चार महिने आवाज नाही. बिनपगारी रजा दिली आहे. आता म्हणतात, आवाज नसेल तर राजीनामा द्या." शाळा खासगी होती. तिचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण त्या जागी दुसरी शाळा असती तरी निराळे काही घडले असते असे आम्हांला वाटत नाही. आम्ही नेहमीच्या सवयीने कपाटातून नुकसानभरपाईच्या कायद्याचे पुस्तक काढले आणि धंद्यातून होणाऱ्या रोगांच्या यादीवर बोट ठेवून खाली खाली आलो. शिसे होते, पारा होता, दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग होता, आमच्या कापूसवाल्यांचा दम होता. बाईंचा घसा कोठेच नव्हता. बाई आमच्या बोटाकडे पाहत होत्या. यादी संपली तेव्हा त्यांनी वही मिटली.

त्या दिवसापासून आम्ही हा इतिहास धुंडाळीत आहो.

प्रथम हे अवजार कसे चालते ते पाहू. आपल्या कंठात स्वरयंत्र आहे आणि त्यात दोन लहान पडदे आहेत. फुप्फुसातली हवा वर येते तेव्हा हे पडदे एकमेकांवर आपटतात, दूर होतात, पुन्हा आपटतात, आणि त्या कंपातून आवाज निघतो. साधारण बोलण्यात पुरुषाचे पडदे सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा आणि स्त्रीचे दोनशे किंवा त्याहून थोडे अधिक वेळा आपटतात. आता हिशेब करा. शाळेच्या पाच तासांपैकी चौथा हिस्सा जरी पडदे खरोखर हलत राहिले, तरी ती पंचाहत्तर मिनिटे झाली. सेकंदाला दोनशेप्रमाणे एका दिवसात नऊ लक्ष आघात! जोराने बोलावे तितका आघात जोराचा. मग पडदे सुजतात, सूज रोजची झाली की त्यांच्या काठावर, समोरून एकतृतीयांश अंतरावर, जेथे मार सर्वांत अधिक बसतो तेथे, दोन्ही बाजूंना बारीक गाठी धरतात. कुदळ मारणाऱ्याच्या हाताला घट्टे पडतात ना, त्याच जातीची ही गोष्ट. फरक इतकाच, की हाताचा घट्टा हाताचे रक्षण करतो आणि कंठातला घट्टा आवाजच घालवतो. पडदे नीट मिटत नाहीत, मधून हवा निसटते, स्वर घोगरा होतो, उंच स्वर लागत नाही, आणि संध्याकाळी घरच्या लेकरालाही हाक मारवत नाही.

ही व्यथा आपल्याकडे नवी नव्हे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात स्वरभेद या रोगाचा स्वतंत्र विचार आहे, आणि त्याच्या कारणांत फार उंच स्वरात बोलणे आणि अध्ययन, म्हणजे मोठ्याने पठण, ही दोन्ही सांगितली आहेत. ज्या देशात विद्या मुखोद्गत करण्याची, त्या देशाच्या वैद्याने हे हेरले यात नवल नाही. आपल्या मराठी भाषेनेही ही व्यथा ओळखली होती. कंठशोष हा शब्द पाहा. मूळ अर्थ घसा कोरडा पडणे. परंतु आपण तो कशासाठी वापरतो? व्यर्थ ओरडण्यासाठी! रोगाचे नाव होते, त्याचा आपण वाक्प्रचार करून टाकला आणि रोग विसरलो.

आमच्या जुन्या समाजात आवाजावर पोट भरणारे इतरही होते. पण त्यांच्या धंद्याची रचना पाहा. कीर्तनकार रात्री दोन-तीन तास उभा राहतो खरा, पण त्याच्या मागे टाळकरी असतात. तो एक चरण सोडतो, टाळकरी तो उचलतात, तेवढ्यात बुवा श्वास घेतो, उपरण्याने घाम पुसतो. शाहिराच्या मागे झीलकरी असतो. शाहिराने कडवे टाकले की झीलकरी झील धरतो आणि शाहिराच्या कंठाला विसावा मिळतो. लोकांनी अनुभवाने हे ठरवले होते की एका गळ्याने सारा भार उचलायचा नाही. झीलकऱ्यालाही बिदागीतला वाटा मिळे, कारण त्याचे काम काम म्हणून मान्य होते.

आता शाळेकडे या. पंतोजींची जुनी शाळा आठवा, किंवा घरच्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेली आठवा. धूळपाटीवर अक्षरे गिरवायची आणि संध्याकाळी सर्वांनी एका सुरात परवचा म्हणायचा. पावकी, निमकी, पाऊणकी, दीडकी. सगळी आळी दुमदुमत असे. पंतोजी कठोर होते, छडी चालत होती, त्या शाळेचे दरवाजे बहुतेक जातींना आणि सर्वच मुलींना बंद होते. त्या शाळेचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. परंतु एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्या शाळेत मुख्य कंठ मुलांचा होता. मोठी मुले लहानांना सांगत, सारी मिळून घोकत, आणि पंतोजी बसून ऐकत. शिक्षकाच्या मागे जणू चाळीस झीलकरी उभे होते.

हीच युक्ती एका स्कॉटिश गृहस्थाने आपल्या देशातून उचलून विलायतेला नेली. अँड्र्यू बेल हा पाद्री १७८९ पासून मद्रासेत एग्मोर येथील अनाथ मुलांच्या शाळेवर होता. एका देशी शाळेत मुले वाळूवर अक्षरे काढताना त्याने पाहिली. शिक्षक हट्टाला पेटून नवी पद्धत घेईनात तेव्हा त्याने मोठ्या विद्यार्थ्यांनाच शिकवायला लावले. १७९७ साली त्याने आपल्या प्रयोगावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच सुमारास लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टरने, १७९८ पासून, अशीच व्यवस्था सुरू केली. एक शिक्षक आणि शेकडो मुले, पण मधे शेकड्यांना वाटून घेणारे विद्यार्थी-नायक. मुंबई इलाख्यात शाळा उभारणाऱ्यांनीही पुढे या पद्धतीचा आधार घेतला. तिचा हेतू स्वस्ताई हा होता, घशाची दया नव्हे. पण परिणामतः भार वाटला जात होता.

एकोणिसाव्या शतकात हे सारे पालटले. नायकांची पद्धत मागे पडली. एका वयाची मुले, एक खोली, एक फळा, एक पुस्तक, आणि सर्वांना एकदम शिकवणारा एक प्रशिक्षित शिक्षक, अशी वर्गपद्धती आली. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर सरकारी शिक्षणखाती निघाली. आमचा वऱ्हाड तर १८५३ पर्यंत निजामाच्या अमलात होता. येथे ही नवी शाळा त्यानंतर आली. वर्गपद्धतीने शिक्षण सुधारले यात शंका नाही. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली आणि शिक्षणाचे दार ज्यांना बंद होते त्यांना ते उघडू लागले. स्त्री शिक्षिका झाली ही तर आपल्या समाजाच्या इतिहासातली मोठी घटना होय. परंतु या साऱ्या सुधारणेचे एक बिल होते आणि ते कोणी मोजले नाही. पूर्वी मुले बोलत आणि शिक्षक ऐकत असे. आता मुलांनी ऐकायचे आणि शिक्षकाने बोलायचे. झीलकरी गेले, कडवे आणि पालुपद दोन्ही एकाच कंठावर आले.

तिकडे युरोपात वैद्यकाची नजर या कंठाकडे कधी वळली तेही पाहू. इटलीत मोदेना येथे बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचा वैद्य होता. १७०० साली त्याने कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. वैद्याने रोग्याला इतर प्रश्नांबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा असे त्याने सांगितले, "तुझा धंदा काय?" आम्हां कामगार-कार्यकर्त्यांना हा प्रश्न मंत्रासारखा वाटतो. खाणवाले, कुंभार, विणकर यांच्यासोबत त्याने गायक आणि आवाजावर उपजीविका करणारे यांनाही एक प्रकरण दिले. म्हणजे आवाज हा धंदा आहे आणि धंद्याने आवाज बिघडतो, हे तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले गेले.

पण कंठात डोकावून पाहणे वैद्याला जमत नव्हते. ते प्रथम यशस्वीपणे साधले एका शिक्षकाला. मॅन्युएल गार्सिया हा गाणे शिकवणारा मास्तर. १८५४ साली त्याने दाताच्या वैद्याकडचा लहान आरसा घशात धरून आणि त्यावर सूर्यप्रकाश पाडून स्वतःचेच स्वरपडदे हलताना पाहिले, आणि १८५५ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. डॉक्टरांनी तो आरसा उचलला. त्या काळी विलायतेत घसा बसण्याच्या एका विकाराला पाद्र्याचा घसा असेच नाव पडले होते. व्यासपीठावरून बोलणाऱ्या प्रतिष्ठिताच्या घशाला नाव मिळाले. गावोगावच्या शाळामास्तराच्या घशाला मात्र नाव मिळायचे होते.

१९११ साली लोंबार नावाच्या फ्रेंच कर्णवैद्याने आणखी एक गोष्ट दाखवली. माणसाच्या कानात गोंगाट सोडला की तो नकळत आवाज चढवतो, आणि गोंगाट थांबला की खाली आणतो. हे इच्छेवर नसते. म्हणून शिक्षकाला "हळू बोला, घसा सांभाळा" असा उपदेश करणे व्यर्थ होय. शेजारच्या वर्गाचा गलका आडभिंतीवरून येत असेल, पत्र्यावर पाऊस पडत असेल, तर त्याचा आवाज चढणारच. त्यात अंतराची भर. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सहा डेसिबलने उतरते. निंबाच्या झाडाखाली वर्ग भरवणे चित्रात सुंदर दिसते, पण तेथे आवाज परतवायला भिंत नसते. आणि बंद खोलीत उघड्या भिंती व टिनाचे छत असले की तो इतका घुमतो की शब्द शब्दात मिसळतो.

मोजणी झाली ती बऱ्याच उशिरा. २००४ साली अमेरिकेतील आयोवा आणि युटा या दोन राज्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. १२४३ शिक्षक आणि शिक्षक नसलेले १२८८ लोक यांना दूरध्वनीवरून विचारले गेले. आयुष्यात केव्हा तरी आवाजाचा विकार झाला असे सांगणारे शिक्षकांत शेकडा ५७.७ निघाले, इतरांत २८.८. विचारले त्या दिवशीच विकार चालू होता असे शिक्षकांत शेकडा ११, इतरांत ६.२. म्हणजे जवळपास दुप्पट. गिरणीत जर एका खात्यातले कामगार दुसऱ्या खात्यापेक्षा दुपटीने आजारी पडले, तर आम्ही दुसऱ्या दिवशी फाटकावर सभा घेतली असती.

मग कायदा काय म्हणतो? १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात धंदेवाईक रोगांची यादी होती. १९४८ च्या कारखाने कायद्यात अशीच दुसरी यादी होती. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस तीत होता. आमच्या या कापसाच्या मुलखात तो शब्द आम्ही पुष्कळ दवाखान्यांत उच्चारला आहे. पुढे यंत्रांच्या गोंगाटाने येणारा बहिरेपणाही यादीत आला. म्हणजे गोंगाट ऐकून बिघडलेल्या कानाची कायद्याला दया आली. त्या गोंगाटावर ओरडून बिघडलेल्या घशाची आली नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या जुन्या कायद्यांची जागा नव्या संहितांनी घेतली. त्यांच्या यादीतही शिक्षकाचा घसा नाही.

पण यादीपूर्वीचा प्रश्न असा, की शिक्षक हा कामगार आहे काय? येथे इतिहास मोठा मनोरंजक आहे, अर्थात ज्याचे पोट त्यावर अवलंबून नाही त्याच्यासाठी. १९६३ साली दिल्ली विद्यापीठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, शिक्षण हा उद्योग नव्हे. १९७८ साली बंगलोरच्या पाणीपुरवठ्याच्या खटल्यात म्हटले, शिक्षण हाही उद्योग होय. आम्हांला वाटेल, आता शिक्षक कामगार ठरला. तसे नाही. १९८८ साली गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात निकाल झाला, की शिक्षणसंस्था उद्योग असली तरी शिक्षक कामगार नव्हे. का? शिकवणे हे अंगमेहनतीचे किंवा कारकुनी काम नव्हे, ते एक पवित्र कार्य आहे म्हणून. शिक्षकांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र कायदा व्हावा असेही न्यायालयाने सुचवले होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २००४ साली उपदानाच्या कायद्याखालीही शिक्षक कर्मचारी ठरला नाही. तेव्हा संसदेने २००९ साली कायदा दुरुस्त केला, तो ३ एप्रिल १९९७ पासून लागू केला, आणि २०२२ साली न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. म्हणजे वाट बंद नाही. संघटना रेटतात तेव्हा ती उघडते.

बंधुभगिनींनो, न्यायालयाला दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. पवित्र कार्य हा शब्द न्यायालयाने आपल्याच तोंडून उचलला. आपण शिक्षकाला गुरू म्हणतो, त्याच्या पाया पडतो, शिक्षकदिनी त्याला नारळ देतो. आणि गुरूला पगार, रजा, घसा असल्या क्षुद्र गोष्टी कशाला, असेही मनात म्हणतो. आदराची शाल इतकी जाड आहे की तिच्याखालची व्यथा दिसत नाही. आम्ही संघटनावालेही यातून सुटत नाही. १९७७-७८ चा महाराष्ट्रातला सरकारी नोकर आणि शिक्षकांचा चोपन्न दिवसांचा संप आम्ही पोरवयात ऐकला. महागाई भत्त्यासाठी झालेला तो लढा मोठा होता, न्याय्य होता. पण त्यानंतरच्या वर्षांत आमच्या मागणीपत्रांत घसा कितीदा आला? आम्ही आमची जुनी मागणीपत्रे काढून पाहिली. एकदाही नाही. आम्हीही यादी करणारेच, आणि आमच्याही यादीतून तो सुटला.

आता इतरत्र काय झाले ते पाहा. पोलंडमध्ये आवाजाच्या श्रमाने होणारे जुनाट विकार धंदेवाईक रोगांच्या यादीत आहेत. अट अशी, की अशा श्रमाचे काम किमान १५ वर्षे केलेले असावे. गेल्या शतकाच्या अखेरीस त्या देशात प्रमाणित झालेल्या धंदेवाईक रोगांत सर्वांत मोठ्या गटांपैकी एक हा घशाचा होता, आणि त्यात बहुसंख्य शिक्षक होते. खाणी आणि पोलाद यांच्या देशात! शिवाय तेथील १९८२ च्या शिक्षकांच्या कायद्यात, सात वर्षे सेवा झालेल्या पूर्णवेळ शिक्षकाला प्रकृती सुधारण्यासाठी एका वेळी वर्षापर्यंत आणि साऱ्या सेवेत मिळून तीन वर्षांपर्यंत सवेतन रजेची तरतूद आहे. स्पेनने २००६ साली स्वरपडद्यांच्या गाठी आपल्या यादीत घातल्या. ब्राझीलच्या आरोग्य मंत्रालयाने २०१८ साली कामामुळे होणाऱ्या आवाजाच्या विकारासाठी नियमावली काढली. ही काही सारी श्रीमंतांची राष्ट्रे नव्हेत. प्रश्न पैशाचा थोडा आणि ओळखण्याचा अधिक आहे.

आणि आपल्या तालुक्यात? टिपेश्वरच्या जंगलाच्या बाजूला जा, कोलामांच्या पोडावर जा, बंजाऱ्यांच्या तांड्यावर जा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला, आणि साठपर्यंत पट असलेल्या शाळेला दोन. कागदावर हे ठीक आहे. पण दोन शिक्षक म्हणजे चार-पाच इयत्ता दोघांत वाटलेल्या. एका खोलीत पहिली बाराखडी म्हणते आहे आणि तिसरीला भागाकार सांगायचा आहे. मुलांची घरची बोली कोलामी किंवा गोरमाटी, पुस्तकाची भाषा मराठी. तेव्हा प्रत्येक वाक्य दोनदा, तीनदा सांगावे लागते. घशाला त्याचे मोल पडते. वर उन्हाळ्याची कोरडी हवा. पाणी भरपूर प्यावे असे डॉक्टर सांगतात. परंतु कित्येक शिक्षिका आम्हांला संकोचाने सांगतात, की शाळेत धड स्वच्छतागृह नसल्याने त्या मुद्दाम पाणीच पीत नाहीत. घशाचा रोग आणि संडासाचे दार यांचा संबंध वैद्यकाच्या पुस्तकात सापडणार नाही. तो आमच्यासारख्यांनी सांगायचा असतो.

मग उपाय काय? येथे एक लहानसा प्रयोग सांगतो. २००२ साली अमेरिकेत आवाज बिघडलेल्या ४४ शिक्षकांचे गट पाडले. एका गटाला आवाजाची निगा कशी राखावी याचा उपदेश केला. दुसऱ्याला कमरेला बांधायचा लहान ध्वनिवर्धक दिला. तिसऱ्याला काहीच दिले नाही. सहा आठवड्यांनी पाहिले तर ध्वनिवर्धकवाल्यांना स्पष्ट गुण आला होता. उपदेशवाल्यांना तसा आला नाही. ज्येष्ठमध चघळावे, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कराव्या, याला आमचा विरोध नाही. पण कारखान्यात अपघात झाला की मालक प्रथम म्हणतो, कामगाराने जपून काम करायला हवे होते. यंत्राला जाळी बसवा, हे आम्हांला ओरडून सांगावे लागते. शिक्षकाच्या बाबतीतही ध्वनिवर्धक ही जाळी आहे. तो मालकाने द्यायचा.

आमच्या मागण्या पाचच आहेत. प्रत्येक वर्गशिक्षकाला लहान ध्वनिवर्धक मिळावा. नवी शाळा बांधताना छत आणि आडभिंती यांचा आवाजाच्या दृष्टीने विचार व्हावा. शिक्षकाच्या प्रशिक्षणात श्वास आणि स्वर कसा वापरावा हे गायकासारखे शिकवले जावे. आवाज तीन-चार आठवडे बसलेला राहिला तर स्वरयंत्राची तपासणी मालकाच्या खर्चाने व्हावी, कारण तो साधा थकवा असेल किंवा त्याहून गंभीर काही असेल, आणि ते आत पाहिल्यावाचून कळत नाही. आणि पाचवी, हा विकार धंदेवाईक रोगांच्या यादीत यावा, म्हणजे रजा ही मेहेरबानी न राहता हक्क होईल.

तोवर पालक म्हणून आपणही काही करू शकतो. शाळेच्या भिंतीलगत भोंगा लावू नये. वरातीचा बँड शाळेवरून नेऊ नये. शाळेच्या समितीच्या बैठकीत पत्र्याखाली छत घालण्याचा विषय काढावा. आणि वर्गात मुलांना बोलू द्यावे असे शिक्षकांनाही आमचे सांगणे आहे. परवच्यातली घोकंपट्टी गेली हे बरे झाले. पण मुलांनी बोलावे आणि शिक्षकाने ऐकावे, ही त्यातली एक वाट पुन्हा उघडण्याजोगी आहे.

पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केली, तेव्हा वक्त्यापुढे ध्वनिक्षेपक नव्हता. आज लहान गावच्या मंडपातही तो आहे. दीडशे वर्षांत व्याख्यात्याच्या घशाची सोय झाली. १६ एप्रिल हा दिवस आता जगभर आवाजाचा दिवस म्हणून पाळतात. त्याचा प्रारंभ १९९९ साली ब्राझीलमध्ये झाला. तो आपल्या व्याख्यानांच्या हंगामातच येतो. त्या दिवशी शाळेतल्या एका तरी वर्गात ध्वनिवर्धक देता आला तर हा मंडप सार्थकी लागला असे आम्ही म्हणू.

त्या बाईंचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. मोठ्या शहरात तपासणी झाली, गाठी निघाल्या, स्वरोपचार झाले, आणि सहा-सात महिन्यांनी आवाज आला. वर्ग मात्र परत आला नाही, कारण जागा भरली गेली होती. आम्ही भांडलो. कायद्यात बोट ठेवायला ओळ नव्हती म्हणून हरलो. आता त्या घरी शिवणकाम करतात. मागे बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "दादा, आता आवाज आहे, पण बोलायचं कोणाशी?"

आम्ही चळवळवाले उठल्या-सुटल्या लोकांना सांगतो, अन्यायाविरुद्ध आवाज उठवा. ज्यांनी आम्हांला बाराखडीतला पहिला आवाज दिला त्यांचाच आवाज गेला, तर तो त्यांनी कसा उठवावा? तेथे आपल्यालाच झील धरली पाहिजे.